गाडी कोण तापवतंय

रात्रभर वायव्येचं वारं घोंगावत होतं. पहाटे ते दमून बसलं, आणि बसता बसता अंगणात मांडीइतका बर्फ टाकून गेलं. मार्च लागला होता, हिवाळाभर क्षितिजाखाली दडलेला सूर्य परत आला होता; पण तो अजून नव्या जावयासारखा वागत होता. उंबऱ्याशी येऊन तोंड दाखवायचा आणि टेकायच्या आत निघायचा. थंडी मात्र घरचीच. ती खुर्ची ओढून बसलेली.

तुरिदनं लोकरीच्या दोन पायमोज्यांवर बूट चढवले, कानटोपी भुवयांपर्यंत ओढली आणि खांद्यानं दार ढकललं. दार निम्मंच उघडलं. ती तिरकी होऊन बाहेर निसटली. आधी पायरी, मग भिंतीवरच्या चार्जिंगच्या पेटीपर्यंतची वाट, मग गाडी, हा बर्फ काढायचा क्रम तिच्या नवऱ्यानं घालून दिलेला. हाल्वर घरात नव्हता, पण त्याचा क्रम होता. तिनं तो कधी मोडला नाही.

आज गुरुवार. गुरुवारी तुरिद डोंगर ओलांडून पलीकडच्या गावी जायची, हाल्वरला भेटायला. तिथल्या वृद्धाश्रमात तो गेल्या शरदापासून होता. आधी चाव्या हरवायचा, मग फोन हरवला, घरभर उलथापालथ करूनही तो सापडला नाही, आणि मग एके दिवशी तो स्वतःच हरवला. बंदरावर, भर पावसात, ज्या बंदरावर त्यानं जन्मभर विजेच्या तारा ओढल्या त्याच बंदरावर उभा राहून घर कुठं म्हणून विचारत होता. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी तुरिदला समोर बसवून सांगितलं, तुला आता एकटीला झेपायचं नाही. ते खरंच होतं. खरं असलं म्हणून बोचायचं थोडंच राहतं.

तेव्हापासून दर गुरुवारी ती जात होती. फेब्रुवारीत वादळानं डोंगर बंद राहिला आणि दोन गुरुवार चुकले. तिसऱ्या गुरुवारी ती गेली तेव्हा हाल्वरनं तिच्याकडं सभ्यपणानं पाहिलं आणि विचारलं, "आपण कुणाच्या?"

तेव्हा तिनं मनाशी गाठ मारली होती, गुरुवार चुकवायचा नाही. त्याच्या डोक्यात तिची जी काही खूण उरली असेल, ती घासून घासून उजळ ठेवायची. दोन आठवडे नाही गेलं तर चेहरा जातो, तीन आठवडे नाही गेलं तर काय जाईल, हे तिला बघायचं नव्हतं.

पायरी झाली. वाट झाली. ती गाडीपाशी पोचली आणि फावडं हातातच राहिलं.

सगळं अंगण पांढरं. गाडीचं टप पांढरं, पुढचं बॉनेट पांढरं. आणि काचा मात्र काळ्याभोर, धुतल्यासारख्या ओल्या. काचेच्या कडेनं पाण्याचे ओघळ खाली आले होते आणि येता येताच गोठत होते. तिनं हातमोजा काढून काचेला तळवा लावला. कोमट.

"परत," ती मोठ्यानं म्हणाली. एकटं राहणारी माणसं गाडीशी बोलतात, त्यात काही विशेष नाही.

दोन आठवडे हे चाललं होतं. रोज सकाळी, तिनं काही न करता, कुणी काही न सांगता, गाडी आपली आपण तापलेली असायची. या गावात निघायच्या आधी गाडी तापवणं म्हणजे दात घासण्यासारखं. बॅटरीला ऊब मिळते, काचा सुटतात, ढुंगणाखाली सीट गरम असते. पण ते आपण सांगायचं असतं, गाडीतल्या पडद्यावर वेळ लावून. तुरिदनं वेळ लावलेली नव्हती. गुरुवार सोडला तर तिला जायचं कुठं होतं?

शेजारच्या ओस्मुनला तिनं पहिल्याच आठवड्यात बोलावून दाखवलं होतं. ओस्मुन पन्नाशीचा, एकटा, पोटानं सुटलेला, तोंडानं त्याहून सुटलेला. हिवाळ्यात तो डोंगर ओलांडणाऱ्या गाड्यांच्या ताफ्याच्या पुढं पिवळा दिवा फिरवत जाणारी गाडी हाकायचा. त्यानं तुरिदच्या गाडीत डोकं घातलं, पडद्यावर बोटं मारली आणि बाहेर येऊन निकाल दिला.

"ड्राउग येतो."

ड्राउग म्हणजे समुद्रात बुडून मेलेल्या कोळ्याचं भूत. अर्ध्या होडीतून फिरतं म्हणतात.

"भूत कशाला गाडी तापवेल?" तुरिद म्हणाली.

"अगं, त्याला पण हिव वाजतच असेल की. बुडालेला माणूस, कपडे ओले. येतो, घटकाभर शेकतो, जातो. तुझं काय जातं?"

"माझी वीज जाते."

"तेवढं खरं." ओस्मुननं दाढी खाजवली. "एक कर. रात्री बॅटरी भरली की वायर काढून ठेव. वायर नसेल तर तापणार कशी? माझी तर वायर लावल्याशिवाय ढिम्म हलत नाही."

ओस्मुनची गाडी दोन पोटांची होती, एका पोटात वीज, दुसऱ्यात पेट्रोल. विजेचं पोट इवलंसं, मांजराएवढं. त्यावरून एरवी अबोल हाल्वरसुद्धा त्याला चिडवायचा: "तुझी गाडी म्हणजे पाट लावलेली बाई, एक डोळा जुन्या नवऱ्याकडं." गावात पहिली निव्वळ विजेची गाडी हाल्वरनं आणली होती. लोक हसले. म्हणाले, उणे पंचवीसला हे खेळणं डोंगर चढणार होय? हाल्वरनं वाद घातला नाही. पहिल्या हिवाळ्यात तो नुसता जाऊन येत राहिला, जाऊन येत राहिला, आणि तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत निम्म्या गावाच्या भिंतींवर चार्जिंगच्या पेट्या त्यानंच ठोकून दिल्या.

तर शेवटी ओस्मुनचं ऐकून काल रात्री तुरिदनं वायर काढून ठेवली होती. आणि गाडी तरीही तापली होती.

तिनं चार्जिंगच्या झाकणावरचा बर्फ मुठीनं ठोकून पाडला, दार उघडून आत बसली आणि पडदा पेटवला. बॅटरीचा आकडा तिनं दोनदा वाचला. रात्रभराच्या गारठ्यानं खाल्लं होतं ते वेगळं, आणि वायर नाही म्हटल्यावर गाडीनं स्वतःचंच पोट जाळून स्वतःला शेकलं होतं. पार निम्म्याच्या खाली. उन्हाळ्यात एवढ्यात डोंगर दोनदा झाला असता. आज एकदाही होईल की नाही सांगता येत नव्हतं.

आता वायर लावून बसावं तर सकाळचा ताफा जाणार. पुढचा संध्याकाळी, तोही वारं पडलेलं असेल तर. म्हणजे गुरुवार गेला.

तुरिद घरात गेली, काल भाजलेल्या लेफ्सेची पिशवी उचलली, त्या लोणी-साखर-दालचिनी लावून घडी घातलेल्या मऊ पोळ्या हाल्वरला आवडायच्या. मेंढीचं कातडं उचललं, आणखी एक गळपट्टा गुंडाळला. गाडीतली गरम हवा बंद केली, सीटची ऊब बंद केली, आणि निघाली. वाटेत श्वासानं काच आतून धुरकटली की ती हातमोज्यानं पुसायची. पुसलेल्या जागी नखाएवढी बर्फाची नक्षी उरायची.

*

डोंगराच्या पायथ्याशी आडव्या दांड्याचं फाटक. वारं असलं की डोंगर असा कुणाला मोकळा सोडत नाहीत. ठरल्या वेळेला सगळ्या गाड्या फाटकाशी जमतात, पुढं बर्फ ढकलणारं मोठं यंत्र, त्याच्यामागं ओस्मुन, आणि त्याच्यामागं बाकीचे, पुढच्याच्या मागल्या दिव्यावर नजर ठेवून. कुणी मधे थांबायचं नाही. थांबला तर मागचे सगळे थांबले, आणि वर थांबलं की वाऱ्याला एवढंच हवं असतं.

ओस्मुन खिडक्यांवर टकटक करत एकेकाला तेच तेच विचारत येत होता. फावडं आहे का, ब्लँकेट आहे का, गरम कपडे, पेट्रोल, बॅटरी. तुरिदच्या खिडकीशी आला आणि त्याचं तोंड हसरं झालं.

"काय म्हणतो ड्राउग?"

"बरा आहे. चल, पुढं हो, तुला उशीर होतोय."

"आकडा दाखव."

"रोजचीच गाडी आहे माझी. दर गुरुवारी बघतोस."

"दर गुरुवारी आकडा पण बघतो. दाखव."

तिनं पडद्यावर हात ठेवला होता. त्यानं काचेतून वाकून पाहिलं, मग तिच्या अंगावरचं कातडं पाहिलं, नाकाचा लाल शेंडा पाहिला, आतून गोठलेली काच पाहिली. त्याचं हसू मावळलं.

"नाही, तुरिद."

"होईल. हवा बंद ठेवते. पलीकडं उतारच आहे, उतारावर बॅटरी आपोआप परत भरते."

"थंड बॅटरी उतारावर काही भरत नसते, हे हाल्वरनंच मला शिकवलंय. आणि मधे यंत्र अडकलं, तासभर उभं राहावं लागलं, तर? हवा बंद ठेवून? मला तिथं खिडकीतून गोठलेली म्हातारी ओढून काढायची नाही."

"म्हातारी कुणाला म्हणतोस रे?"

"तुलाच. दुसरी कोण आहे इथं?" तो वैतागला होता, म्हणजे घाबरला होता. "इतकी कशी उतरली? वायर लावायला विसरलीस?"

"काढून ठेवली होती."

"काढून? या गारठ्यात? कुठल्या गाढवानं सांगितलं?"

तुरिदनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

ओस्मुनचं तोंड उघडं राहिलं. मग मिटलं. त्यानं बुटानं बर्फाचं एक ढेकूळ ठोकरलं, ते फाटकावर जाऊन फुटलं.

"माझी तापत नाही वायरीशिवाय," तो पुटपुटला.

"तुझी हायब्रीड आहे."

"ते आता कळलं ना." तो वळला, रांगेतल्या मासळीच्या ट्रककडं हात करून ओरडला, "ए! पुढची सीट रिकामी आहे का? एक बाई आहे. बोलत नाही फारशी, घाण वास पण येत नाही, तुझ्यापेक्षा बरी आहे!"

ट्रकवाल्यानं त्याच्या हाताच्या खुणा बघून भोंगा वाजवून होकार दिला.

तुरिदनं गाडी फाटकाच्या कडेला लावली, चावी ओस्मुनच्या तळव्यावर आपटली आणि लेफ्सेची पिशवी छातीशी धरून ट्रकवर चढली. ट्रकवाला कुठल्या तरी दूरच्या देशाचा होता. त्याला तिची भाषा येत नव्हती आणि तिला त्याची. डोंगरभर दोघं पांढऱ्यात बघत बसले. कधी ओस्मुनचा पिवळा दिवा दिसायचा, कधी तोही नाही. ट्रकच्या गरम हवेनं गुडघे शेकत होते, आणि तिला उगाच आपली गाडी आठवली, फाटकाशी एकटी, थंड.

चाळीस वर्षं ती मासळीच्या कारखान्यात कापणीच्या टेबलाशी उभी होती. हातात सुरी, खाली बर्फ, वर गार पाणी. बोटं पांढरी पडायची, टोकांना कळ यायची, कधी कधी घरी येऊन बटणसुद्धा निघायचं नाही. कामाची पाळी भल्या पहाटेची. त्या काळात गाडी पेट्रोलची, आणि रात्री इंजिनाला गरम करायची वायर लावून ठेवायची असायची. ती कधी तिनं लावली नाही. ती उठायची तेव्हा हाल्वर बाहेरून आत येत असायचा, भुवयांवर हिमकण, तोंडातून वाफ. "झाली," एवढंच म्हणायचा. म्हणजे गाडी तापली. मग तो परत अंथरुणात शिरायचा, कारण त्याची कामाची वेळ उशिराची.

मूलबाळ झालं नाही. गोड बोलणं त्याच्या घराण्यातच नव्हतं. लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा कारखान्यातल्या बायकांनी तिला विचारलं होतं, तुझा नवरा तुला कधी काय म्हणतो गं? आणि तुरिदला खूप विचार करूनही "झाली" सोडून काही आठवलं नव्हतं. बायका पोट धरधरून हसल्या. तीही हसली. मग टॉयलेटमध्ये जाऊन थोडी रडली, आणि परत येऊन सुरी उचलली.

*

वृद्धाश्रमातली राव्ना दारातच भेटली. राव्ना तिथली मदतनीस, पठारावरच्या सामी घराण्यातली, रेनडिअरवाल्यांची लेक. तिचे हात दांडगे आणि आवाज हळू.

"मला वाटलं आज डोंगर अडवतो तुला," ती म्हणाली.

"कसा आहे?"

"खुशीत आहे. तू तो कोट आणलास ना, त्याचा जुना? बरं झालं बाई. तेव्हापासून रात्रीचा भटकत नाही. पहाटे उठतो, कोट घालतो, खिडकीशी बसतो, त्याचं ते काम करतो आणि मग शांत."

"कसलं काम?"

"फोनचं." राव्ना थबकली. "तूच नाही का पाठवलास? कोटाच्या अस्तरात होता, खिशाला भोक पडून आत गेलेला. मी चार्ज करून दिला. मला वाटलं तुला माहीत आहे."

तुरिदनं बुटाचा बर्फ पायपुसण्यावर झटकला, गरजेपेक्षा जास्त वेळ.

हाल्वर खिडकीशी बसला होता. अंगात तो जाड निळा कोट, खोलीत एवढी ऊब असून गळ्यापर्यंत बटणं लावलेली. दाढी कुणीतरी नीट केली होती. ती समोर येऊन उभी राहिली तसा तो अर्धा उठला.

"बसा," तो म्हणाला. "बसा ना. तुम्ही बाहेरून आलात. गार असेल."

जिथं पाद्रीबाबालासुद्धा लोक अरे-तुरे करतात त्या मुलखात त्यानं तिला तुम्ही म्हटलं. तुरिद बसली. लेफ्सेची पिशवी तिनं मधल्या टेबलावर ठेवली. त्यानं एक उचलली, हुंगली, आणि डोळे बारीक करून म्हणाला,

"माझी बायको करते अशा."

"हो का?"

"तुमच्या जरा जाड झाल्यात."

"झाल्या असतील," तुरिद म्हणाली. "पीठ नवीन होतं."

तो खात राहिला. खाता खाता त्यानं कोटाच्या खिशातून फोन काढला, साखरेची बोटं मांडीला पुसली, आणि कुलपाचे आकडे दाबले. न बघता, न अडखळता. ज्याला दुपारी काय जेवला ते सांगता यायचं नाही त्याच्या बोटांना सगळं पाठ होतं. पडद्यावर तिची गाडी आली. राखाडी, चारी दारं मिटलेली. खाली एक गोल बटण.

"ही आमची गाडी," हाल्वर म्हणाला. "बायको पहाटे कामाला जाते. मासळीच्या कारखान्यात. मी उठून तापवून ठेवतो."

"रोज?"

"रोज. मग?" त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. "तिचे हात पांढरे पडतात. पांढरे म्हणजे असे, मेणासारखे. बोलत नाही ती. तिला वाटतं मला दिसत नाही. मी कुठून काय बोलणार, मला बोलता येत नाही तसलं. पण स्टिअरिंगचं चाक तरी हाताला गरम लागलं पाहिजे. तेवढं झालं की दिवस निघतो तिचा."

तुरिदनं आपले हात टेबलाखाली घेतले.

"कुठं असते ती आता?" तिनं विचारलं. का विचारलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

"घरी. झोपली असेल. फार दमते." त्याचा चेहरा उजळला. असा चेहरा तिनं कधी पाहिलाच नव्हता, कारण हा चेहरा तो तिच्या पाठीमागं करायचा. "देखणी आहे. तुम्ही पाहिलं नसेल तिला."

तुरिदला त्या बाईचा हेवा वाटला. अगदी सुरीची धार लागावी तसा लख्ख हेवा. तिशीची ती तुरिद, पहाटे उठून गरम गाडीत बसून निघून जाणारी, जिला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि जिनं कधी वळून बघितलं नाही. सगळं तिचं होतं. आणि ही इथं समोर बसलेली, डोंगर ओलांडून आलेली, जाड लेफ्से करणारी, ही कुणाचीच नव्हती.

हाल्वरनं खिडकीबाहेर पाहिलं. ढग खाली आले होते, उजेड पिवळट झाला होता. त्याला पहाट वाटली असावी.

"वेळ झाली," तो म्हणाला, आणि त्याचं बोट बटणाकडं गेलं.

गाडी तिकडं फाटकाशी उभी होती, अर्ध्याहून जास्त रिकामी. त्यानं बटण दाबलं की होतं तेही जळणार, आणि परत घरी पोचायची खात्री नाही. तुरिदनं हात पुढं केला. फोन नुसता घ्यायचा होता. हाल्वरनं तो लहान मुलासारखा देऊनही टाकला असता.

तिचा हात टेबलावर पोचला, लेफ्सेच्या पिशवीवर थांबला, आणि तिनं पिशवीची घडी नीट केली.

हाल्वरनं बटण दाबलं. पडद्यावरच्या गाडीभोवती नारिंगी रेघा हलू लागल्या. तो समाधानानं मागं टेकला.

"झाली," तो म्हणाला.

निघताना राव्नानं तिला गाठलं. तुरिदनं तिला सगळं सांगितलं नाही, गाडीपुरतं सांगितलं. राव्नानं तोंडावर हात घेतला.

"अगं बाई! मग मी फोन काढून घेऊ का? की ते बटण कुणाकडून तरी पुसून घेऊ? तू सांगशील तसं. पण तो परत रात्रीचा उठेल, एवढं मात्र सांगते."

"पुढच्या गुरुवारी सांगते," तुरिद म्हणाली.

*

परतीच्या ताफ्यात तिला ओस्मुननंच आपल्या गाडीत घेतलं. तसं घ्यायची पद्धत नाही, पण सकाळपासून तो पडेल तोंडानं फिरत होता. वर पोचेस्तोवर तिनं त्याला फोनचं सांगितलं. 

"म्हणजे ड्राउग नाही," तो म्हणाला.

"नाही."

"दोन मिनिटांचं काम आहे. तुझ्या गाडीच्या पडद्यात शिरायचं, जुन्या फोनची जोडणी काढून टाकायची. मी करून देतो. आणि तुझ्या नव्या फोनवर गाडीचं बटण घालून देतो, तू कधीची करत नाहीस ते."

"त्याला कळेल?"

"त्याला बटण दिसेल, गाडी दिसणार नाही. किंवा काहीतरी लाल अक्षरं येतील." ओस्मुननं तिच्याकडं न बघता म्हटलं. "कळेल असं काय राहिलंय, तुरिद?"

बाहेर रस्त्याची कड दाखवणाऱ्या काठ्यांच्या टोकांवरच्या चमकत्या चकत्या एकेक करून उजेडात यायच्या आणि जायच्या.

फाटकाशी गाडी होती तिथंच होती. हाल्वरच्या उबेनं काचेवरचा बर्फ वितळला होता, आणि ऊब संपल्यावर ते पाणी जागीच गोठलं होतं. आता काचेवर नुसता बर्फ नव्हता, काचेवर काच बसली होती. झाडूनं गेली नसती. तुरिदनं खरवडणी काढली आणि दोन्ही हातांनी खरवडू लागली. ओस्मुन पुढं आला तशी ती म्हणाली, "राहू दे, माझं मी करते." बर्फाचे पापुद्रे तिच्या बाहीत शिरत होते. बोटांची टोकं पांढरी पडली, जुनी कळ परत आली. चाळीस वर्षं जी कळ ती एकटीची समजत होती, तिचा कुणीतरी रोज हिशेब ठेवत होता. रागावावं की काय करावं तिला समजेना. सांगायचं होतंस रे मेल्या, तिनं काचेला सांगितलं. एकदा तरी सांगायचं होतंस.

बॅटरीत तळाशी काही उरलं होतं. गोगलगायीच्या चालीनं ती उतारावरून निघाली, आणि मागं ओस्मुन, पिवळा दिवा फिरवत, जणू गावात कुठला मंत्रीच येत होता. ती अंगणात वळली तेव्हा पडद्यावर बॅटरी संपत आल्याचं लाल कासव लागलं होतं. ओस्मुननं काच खाली केली.

"मग? करून देऊ उद्या?"

"नको."

"अगं, रोज तापणार ती. रोज. तू कुठं जातेस का रोज?"

"वायर लावून ठेवीन."

"वीज फुकट जाणार नुसती."

"तुझी दोन पोटं तू सांभाळ," तुरिद म्हणाली. ओस्मुन हसला, मान हलवली आणि गेला. त्याचा दिवा दोन घरांच्या भिंतींवर फिरत फिरत विझला.

मग अंगणात आवाज राहिला नाही. तिनं पेटीवरून वायर काढली. गारठ्यानं वायर सुकवलेल्या कॉड माशासारखी ताठ झाली होती, ती तिला गुडघ्यावर घेऊन वाकवावी लागली. झाकण ठोकलं, वायर बसवली, हिरवा दिवा येईपर्यंत थांबली.

*

शुक्रवारी ती लवकर उठली. कुठं जायचं नव्हतं. कॉफी केली, स्वयंपाकघरातला दिवा न लावता खिडकीशी उभी राहिली. आकाश दुधी झालं होतं, अंगण निळं. गाडीवर रात्रीचा बर्फ.

आणि मग गाडी गुणगुणली. बारीक आवाज, दुहेरी काचेतून जेमतेम पोचणारा. पलीकडं, डोंगराआड, निळ्या कोटातला एक म्हातारा मागं टेकला असेल.

तुरिदनं झोपायच्या कपड्यांवर कोट चढवला, बुटात पाय सारले आणि कप घेऊन बाहेर गेली. पुढच्या काचेवरचा बर्फ आधी कडांनी करडा झाला, मग मधोमध एक काळं भोक पडलं आणि रुंद होत गेलं. ती दार उघडून आत बसली. सीट पाठीला गरम लागत होती. तिनं दोन्ही हात चाकावर ठेवले. चाकही गरम होतं.

हे तिच्यासाठी नव्हतं. हे त्या दुसरीसाठी होतं, जी चाळीस वर्षांपूर्वी इथून निघून कामाला गेली आणि परत आली ती म्हातारी होऊनच. पण ती काही आता यायची नव्हती. कुणीतरी बसायला हवं होतं.

ती बसली. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं, मागं कुणी नव्हतं, काचेतून रिकामा रस्ता दिसत होता आणि रस्त्याच्या शेवटी बंदर. कारखाना बंद होऊन वर्षं झाली. कॉफी संपली तरी ती बसून राहिली, ऊब आपली आपण थांबेपर्यंत. पंखा थांबल्यावर शांतता इतकी मोठी झाली की तिला आपलाच श्वास ऐकू आला.

"झाली," ती म्हणाली. नुसतं कसं लागतं तोंडात ते बघायला.

मग ती उतरली. काचेवरचं पाणी गोठायच्या आत तिनं फडक्यानं कडा पुसून घेतल्या. चार्जिंगच्या झाकणाभोवती बोट फिरवून बर्फ साचला नाही ना बघितलं. पायरीवर रात्रीत निसरडी साय धरली होती. तिनं दाराआडची वाळूची बादली ओढली, आणि वाकून एकेक मूठ पायरीवर पसरू लागली.